अवघड इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे शिकावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागला एका मंडळाच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मी इंग्रजी शब्दांचा तास घेते. येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. कुणी एमपीएससीची तयारी करतंय, कुणी बँकेच्या परीक्षेची, दोघी-तिघी नर्सिंगच्या आहेत आणि एक काका निवृत्तीनंतर हौसेने येतात. दर नव्या तुकडीबरोबर तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत, त्यामुळे उच्चार कळेल. स्पेलिंग मात्र डिक्शनरीत शोधून स्वतःच्या हाताने वहीत लिहा. शोधण्यातच निम्मा अभ्यास होतो.

ॲडव्हान्स्ड शब्द म्हणजे नेमके कोणते?

रोजच्या इंग्रजीचा मोठा भाग साधारण २००० शब्दांवर चालतो. इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली अशा शब्दांची यादी छापली होती. लाँगमन या प्रकाशनसंस्थेने १९७८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी जो शब्दकोश काढला, त्यातल्या सगळ्या व्याख्या सुमारे २००० शब्दांतच लिहिलेल्या होत्या. त्याच्या पुढची पायरी अभ्यासाच्या पुस्तकांतल्या शब्दांची. भाषेच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक शब्दकुटुंब. सिग्निफिकंट, डिराइव्ह, अझ्यूम, कॉन्ट्रॅडिक्ट हे त्यातले. अग्रलेख, निकालपत्रं आणि साहित्य यांत भेटणारे युबिक्विटस, एफेमरल, ऑब्स्टिनेट वगैरे शब्द त्याच्याही पुढे येतात.

मुलं थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. 'युबिक्विटस'चा अर्थ पाठ असतो, पण 'अझ्यूम' आणि 'प्रिझ्यूम' यांत अडखळायला होतं. कृपा करून दुसरी पायरी आधी पक्की करा. परीक्षेतले उतारे त्याच शब्दांनी भरलेले असतात.

मी मराठी माध्यमातून शिकले. मी मागे पडेन का?

नाही. नुसता धीर द्यायचा म्हणून म्हणत नाहीये, कारणं सांगते.

मराठी पेपर उघडा. 'उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली', 'प्रथमदर्शनी तथ्य आढळले', 'अंतरिम स्थगिती', 'आदेश रद्दबातल', 'सभागृहाचे कामकाज तहकूब', 'गणपूर्तीअभावी बैठक रद्द'. हे शब्द तुम्ही शाळेत असल्यापासून वाचताय आणि ते तुम्हाला नीट कळतात. इंग्रजी पेपरात तेच सुओ मोटो, प्राइमा फेसी, इंटरिम स्टे, क्वॉश, ॲडजर्न, क्वोरम म्हणून येतात. कल्पना तुमच्या डोक्यात पक्की आहे, तिला फक्त दुसरं नाव जोडायचंय. आमच्याकडची एक मुलगी दादरला गाडी पकडण्याआधी एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर घ्यायची आणि एकच बातमी दोन्हींत वाचायची. तीन महिन्यांत न्यायालयाच्या बातम्या ती डिक्शनरीशिवाय वाचू लागली.

दुसरं कारण त्याहून जुनं आहे. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचा उगम एकच असावा, असं संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. इंग्रजीतले भारदस्त शब्द बहुतांशी लॅटिन-ग्रीकमधून आले आणि मराठीतले संस्कृतातून. त्यामुळे दोन्हींकडे एकाच घरातली माणसं सापडतात. डेंटल आणि दंत. इग्नाइट आणि अग्नी. मॉर्टल आणि मर्त्य. ज्युव्हेनाइल आणि युवा. डोनेट आणि दान. नोव्हिस आणि नव. 'डेक्स्टरस' म्हणजे हाताने कुशल. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ उजवा आणि तो आपल्या 'दक्षिण'चा भाऊ. 'सिनिस्टर' म्हणजे अशुभ, कपटी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता डावा. आपणही एखाद्याला डावलतो आणि दुसरा त्याच्यापेक्षा उजवा ठरतो, तेव्हा हाताळणी सारखीच आहे.

माझं सगळ्यात आवडतं कुटुंब 'ॲनिमस'चं. लॅटिनमध्ये ॲनिमस म्हणजे मन, चित्त. मॅग्नस म्हणजे महान, म्हणून मॅग्नॅनिमस म्हणजे थोर मनाचा. 'महात्मा' याच साच्यात घडलाय. एक्वस म्हणजे सम, म्हणून इक्वॅनिमिटी म्हणजे समचित्तता. युनस म्हणजे एक, म्हणून युनॅनिमस म्हणजे एकमताने. प्युसिलॅनिमस म्हणजे इवल्याशा काळजाचा, भेकड. हा शेवटचा शब्द परीक्षेत आला की मुलं घाबरतात. पण एका कुटुंबात बसवून शिकवल्यावर तो विसरलेलं मूल मी पाहिलेलं नाही.

अर्थ तोंडपाठ असतो, तरी वाक्यात वापरला की चुकतो. असं का होतं?

कारण शब्दाबरोबर त्याची सोबत शिकलेली नसते. मराठीत बघा. दुपार टळटळीत असते, संध्याकाळ कधी टळटळीत नसते. काळोख मिट्ट असतो, प्रकाश लख्ख, थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार, प्रकृती ठणठणीत. दारिद्र्य अठराविश्वे असतं, पण श्रीमंती अठराविश्वे आहे असं कुणी म्हणालं तर आपण चमकून बघतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, ऐकून-ऐकून कान तयार झाला.

इंग्रजीतही तसंच आहे. 'ॲब्जेक्ट' हा शब्द पॉव्हर्टीबरोबर येतो, सरेंडरबरोबर येतो, अपॉलॉजी आणि फेल्युअरबरोबर येतो. लाचारी आणि पार तळ गाठणं हा त्याचा भाव. यादीत त्याच्यापुढे 'अत्यंत' एवढंच लिहिलंत तर उद्या तुम्ही ॲब्जेक्ट हॅपिनेस लिहाल आणि तपासणारा तिथेच थांबेल. 'इन्क्लेमेंट' हवामानालाच लागतो. 'अल्टीरियर' मोटिव्हला, म्हणजे आतल्या हेतूला. 'मिटिगेट' म्हणजे सौम्य करणं, पण ते रिस्कचं, नुकसानीचं, शिक्षेच्या तीव्रतेचं. चहातली साखर कुणी मिटिगेट करत नाही.

म्हणून आमच्या वहीत एकटा शब्द लिहायला मनाई आहे. शब्द लिहायचा तो जोडीदारासकट.

एकाच अर्थाचे चार-पाच शब्द दिलेले असतात. सगळे सारखेच समजायचे का?

अजिबात नाही. इथे मराठीचाच हात धरा. सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, काटकुळा, हडकुळा. पाचही बारीकच, पण लग्नाच्या स्थळाची माहिती देताना कोणता वापराल आणि कोणता टाळाल हे तुम्हाला विचार न करता कळतं. स्लेंडर म्हणजे सडपातळ, कौतुकाने. स्किनी किडकिडीतच्या जवळ. लँकी म्हणजे उंच आणि हाडं मोजून घ्यावीत असा. एमॅसिएटेड म्हणजे आजाराने किंवा उपासमारीने खंगलेला.

पैशाच्या बाबतीतही तेच. फ्रूगल म्हणजे काटकसरी. आईला म्हणा, तिला बरं वाटेल. पार्सिमोनियस म्हणजे चिकट. मायझर्ली म्हणजे कवडीचुंबक. तसंच रेझोल्यूट म्हणजे निश्चयाचा, ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, पिगहेडेड म्हणजे हेकेखोर. माणूस एकच असेल, शब्द कोणता निवडायचा ते बोलणाऱ्याच्या मनात त्याच्याबद्दल काय आहे त्यावर ठरतं.

समानार्थी शब्द लिहिताना शेजारी एक खूण करा: स्तुती, निंदा की तटस्थ. एका मुलाने नोकरीच्या अर्जात 'आय ॲम नोटोरियस फॉर माय हार्ड वर्क' असं लिहिलं होतं. यादीत अर्थ होता 'प्रसिद्ध'. मेहनती मुलगा, अर्ज मनापासून लिहिलेला, आणि यादीतल्या एका आळशी शब्दाने त्याला कुप्रसिद्ध करून टाकलं. निंदेची खूण असती तर ते टळलं असतं.

मूळ धातू आणि उपसर्ग शिकून अर्थाचा अंदाज बांधता येतो का?

येतो, आणि बांधावाच. बेने म्हणजे चांगलं, माले म्हणजे वाईट, एवढ्यावर बेनेव्होलंट आणि मॅलेव्होलंट, बेनेडिक्शन आणि मॅलेडिक्शन या जोड्या सुटतात. पण अंदाज डिक्शनरीत तपासल्याशिवाय वहीत उतरवू नका.

माहुलच्या रिफायनरीतून निघणारे टँकर चेंबूरच्या रस्त्यावर रोज दिसतात. मागे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं 'हायली इन्फ्लेमेबल'. 'इन' म्हणजे 'नाही' असं पाठ केलेल्याला वाटेल की हे पेट घेत नाही. इथला 'इन' नकाराचा नाही, आत किंवा पूर्णपणे अशा अर्थाचा आहे. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल, दोन्ही ज्वालाग्राहीच. हा गोंधळ जिवावर बेतू शकतो.

'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, तर अमूल्य. आपल्या 'अमूल्य'मध्येही नकार आहे, तरी आपण फसत नाही. आणखी फसवे शब्द: 'नॉइसम'चा नॉइजशी संबंध नाही, त्याचा अर्थ किळसवाणा, दुर्गंधी येणारा. 'रेस्टिव्ह' म्हणजे शांत नव्हे, अस्वस्थ. 'एनर्व्हेट' म्हणजे जोम देणं नव्हे, जोम काढून घेणं. 'मेरिट्रिशस'मध्ये मेरिट नाही, नुसता दिखाऊपणा आहे. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा निःपक्षपाती. आणि 'पेनल्टिमेट' म्हणजे सर्वांत शेवटचा नव्हे, शेवटून दुसरा. चर्चगेटला जाणाऱ्या धिम्या लोकलचं पेनल्टिमेट स्टेशन मरीन लाइन्स. कबड्डीच्या स्पर्धेतली उपांत्य फेरी आठवा, तोच 'उपांत्य'.

शब्दांमागच्या गोष्टी वाचण्यात वेळ जातो. त्याचा उपयोग होतो का?

होतो. नुसत्या अर्थापेक्षा गोष्ट जास्त दिवस टिकते. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने शुभ्र केलेला झगा घालायचा. शुभ्र म्हणजे 'कँडिडस', त्यावरून कँडिडेट. आणि त्याच शुभ्रतेवरून कँडिड, म्हणजे मनात काही न लपवता बोलणारा. 'डिझास्टर'मध्ये वाईट तारा आहे. आपण म्हणतो ग्रह फिरले. 'एफेमरल' ग्रीकमधून आला, मूळ अर्थ एका दिवसापुरता. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून रिकाम्या मखराकडे बघताना मला हा शब्द आठवतो.

मराठीतून इंग्रजीत गेलेले शब्द आहेत का?

हो. 'मंगूस' हे आपलं मुंगूस. 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून राहणाऱ्या ब्रिटिश सैनिकांमुळे तो रूढ झाला. परीक्षेत येणारा 'जगरनॉट', म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारी शक्ती, हा पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून आला.

कोणती डिक्शनरी वापरावी?

दोन वापरा. विद्यार्थ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी मुख्य, आणि इंग्रजी-मराठी कोश आधाराला. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या विद्यार्थी आवृत्त्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. अर्थाच्या खालची उदाहरणाची वाक्यं वाचल्याशिवाय पान बंद करू नका. खरा माल तिथे असतो.

इंग्रजी-मराठी कोशांची परंपरा मुंबईत जुनी आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. अभ्यासक म्हणून तो जरूर चाळा, मराठीची श्रीमंती बघून हरखून जाल. पण परीक्षेसाठी जुना कोश वापरू नका. हे मी अनुभवाने सांगतेय.

माझ्या पहिल्या नोकरीत, फोर्टमधल्या एका कचेरीत, एका वरिष्ठ बाईंनी मला फार सांभाळून घेतलं. त्या निवृत्त होताना आभाराचं पत्र मी इंग्रजीत लिहिलं. फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली एक जुनी डिक्शनरी माझ्याकडे होती. 'इग्रीजस' या शब्दापुढे तिच्यात पहिला अर्थ होता असामान्य, कळपाहून वेगळा उठून दिसणारा. शब्द मला फार आवडला. पत्रात मी त्यांच्या 'इग्रीजस काइंडनेस'चे आभार मानले. पहिला अर्थ मूळचा होता, पण केव्हाच मागे पडलेला. आज इग्रीजस म्हणजे धडधडीत वाईट, अक्षम्य. बाईंनी मला बाजूला बोलावलं, पत्र हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "तुला काय म्हणायचंय ते मला कळलं, पण दुसऱ्या कुणाला देण्याआधी हा शब्द पुन्हा बघ." मी रात्री घरी जाऊन रडले. त्या दिवसापासून एखादा शब्द आजच्या तीन वाक्यांत वाचल्याशिवाय मी लिहीत नाही आणि मुलांनाही लिहू देत नाही.

रोज किती शब्द करावेत?

पाच. फार तर सात. रोज पन्नास करणारी मुलं येतात आणि पंधराव्या दिवशी वही बंद करतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सगळ्यात वेगाने निसटतं, नंतर वेग मंदावतो. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. अर्थ झाकायचा आणि आठवायचा. आठवताना जो ताण येतो, त्यानेच शब्द पक्का होतो.

वही कशी आखायची?

एका नर्सिंगच्या मुलीची वही माझ्यासमोर आहे, तिचं एक पान सांगते. वर शब्द: 'ॲलिव्हिएट'. शेजारी देवनागरीत उच्चार. खाली जोडीदार: पेन, सफरिंग, पॉव्हर्टी. मराठीत: 'उतार पडणे, हलकं करणे, बरं करणे नव्हे'. हे शेवटचे तीन शब्द तिने लाल पेनने लिहिलेत, कारण वॉर्डात तिला फरक दिसतो: गोळीने दुखणं कमी होतं, आजार जात नाही. त्याखाली पेपरातलं एक वाक्य आणि एक तिचं स्वतःचं. कोपऱ्यात उजळणीच्या चार तारखा, त्यातल्या तीन खोडलेल्या. एका पानावर एकच शब्द. कागद जातो, जाऊ दे.

ॲप पुरेसं नाही का?

उजळणीसाठी चांगलं, विशेषतः जे ॲप चुकलेला शब्द लवकर परत आणतं. पण कार्ड स्वतः बनवा. दुसऱ्याने केलेली तयार यादी म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं जेवण.

लोकलच्या गर्दीत अभ्यास होतो का?

नवा शब्द शिकणं होत नाही, उजळणी उत्तम होते. करी रोड ते सीएसएमटी एवढ्या वेळात पाच शब्द आरामात आठवून होतात. मोबाइल बाहेर काढायचीही गरज नाही. दारात उभं राहून मात्र करू नका.

उच्चार चुकतात, त्याचं काय?

स्पेलिंगवरून उच्चार ठरवू नका, डिक्शनरीत कर्ण्याच्या खुणेवर बोट ठेवून ऐका. नेहमी चुकणारे काही: एपिटमी, 'एपिटोम' नव्हे. हायपर्बली, 'हायपरबोल' नव्हे. फसाड. सटल, त्यात 'ब' नाही. इन्डाइट, त्यात 'क' नाही. अराय, म्हणजे वाकडं, बिघडलेलं. मुलं त्याला 'ऑरी' वाचतात. आणि आपण ज्याला रोज 'डेब्रिज' म्हणतो तो राडारोडा मुळात 'डेब्री' आहे, शेवटचा 'स' उच्चारत नाहीत. बोलण्यात मराठी वळण असू द्या, त्यात कमीपणा नाही. आघात, म्हणजे शब्दातल्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते, चुकला तर मात्र समोरच्याला शब्दच कळत नाही.

परीक्षेत आता थेट अर्थ विचारतात का?

कमी झालंय. परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी देतात त्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि ॲनॉलॉजी, म्हणजे शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखणं, २०११ मध्ये काढले. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते किंवा सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन निवडायचे असतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा आणि फक्त पात्रतेपुरता; उतारा, सारांश, निबंध आणि शब्दांचा वापर. बँकेच्या परीक्षांत क्लोझ टेस्ट, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरणं. सगळीकडे शब्द वाक्यातच भेटतो.

पुस्तकं परवडत नाहीत. मुंबईत कुठे वाचायला मिळेल?

१८९८ साली सुरू झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात कोश आहेत. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ आणि फाउंटनला फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. कथा-कादंबऱ्या तिथून घ्या, डिक्शनरी घेऊ नका.

शिकलेले शब्द बोलताना वापरावेत का?

सगळे नाही. जे शब्द वाचताना कळायला हवेत आणि जे तोंडात यायला हवेत, ते वेगळे ठेवा. मुलाखतीत 'मिटिगेट' शोभतो, 'प्युसिलॅनिमस' शोभत नाही.

सुरुवात कुठल्या शब्दांनी करू?

तुमच्या आजूबाजूच्या. सोसायटीच्या नोटिशीत बघा: डिफॉल्टर, हेन्सफोर्थ, इन लू ऑफ, अंडरसाइन्ड, कन्व्हेयन्स. चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांत बघा: डिलॅपिडेटेड, म्हणजे जीर्ण, मोडकळीला आलेली, ट्रान्झिट, टेनन्सी, व्हेकेट, कन्सेंट, इर्रेव्होकेबल. या शेवटच्या शब्दाचा अर्थ 'एकदा दिली की परत घेता न येणारी'. संमतीपत्रावर सही करण्याआधी हा एक शब्द तरी घरातल्या सगळ्यांना कळलेला हवा. आमच्या तासाला येणाऱ्या काकांनी त्यांच्या इमारतीचं संमतीपत्र एका रविवारी सोबत आणलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते दोन तास वाचलं, अठरा शब्द वहीत उतरवले, आणि सोमवारी काकांनी बिल्डरच्या माणसाला विचारायचे चार प्रश्न मराठीत लिहून नेले.